दहाव्या पायरीचा दावा

मिस्त्री जिन्यावरून पडला, ही बातमी गल्लीत आली तेव्हा आधी कोणाचा विश्वास बसेना. मग लोक हसले. हसून झाल्यावर भेटायला गेले.

हसण्याचं कारण असं की मिस्त्रीचा धंदाच जिन्यांचा. दारं-खिडक्या करणारे सुतार पैशाला पासरी मिळतात, लाकडी जिना करणारा शंभरांत एक. चाळीस वर्षं मिस्त्रीनं तेच केलं. सरळ जिने केले, वळणाचे केले, एका माणूसभर रुंदीच्या बोळात बसवायचे अवघड जिनेही केले. त्याच्या तोंडी सदा एक शब्द असे, सूत. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. हाताखालच्या माणसानं पायरी बसवली की हा गुडघ्यावर बसून गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावणार आणि म्हणणार, "सूतभर जास्त आहे, काढ." म्हणून धंद्यातले लोक त्याला सूतभर मिस्त्री म्हणत. समोरही म्हणत. त्याला राग येत नसे. नाव खोटं नव्हतं.

पडला ती इमारत चार मजली. खाली दुकानं, वर दवाखाने आणि कचेऱ्या. लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याच्या टेबलाचा एक खण दुरुस्त करून मिस्त्री परत द्यायला निघाला होता. खण दोन्ही हातांत, छातीशी धरलेला. पायाखालचं दिसत नव्हतं. पण जिन्यावर तो एरवीही खाली बघत नसे. पहिल्या तीन पायऱ्या चढल्या की पायाला उंची कळते आणि पुढच्या पायऱ्या पाय आपले आपण चढतो. सगळ्यांचंच असं असतं, फक्त कोणाच्या ध्यानात येत नाही. मिस्त्रीच्या ध्यानात होतं आणि त्यावरच त्याचा भरवसा होता. तो म्हणे, पायऱ्या उंच असोत, बुटक्या असोत, पण सारख्या असू देत. जिन्याची सगळी अब्रू तेवढ्यात आहे.

नऊ पायऱ्या सारख्या निघाल्या. दहाव्या पायरीला बुटाचं टोक अडकलं. मिस्त्री खणासकट पुढे आदळला. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं, गुडघ्याच्या वाटीला चीर गेली.

चष्मेवाला धावत खाली आला तेव्हा त्यानं काय पाहिलं, तर मिस्त्रीचा उजवा हात लोंबतोय आणि डाव्या हाताची बोटं लावून तो पायरी मोजतोय. डोक्याला मार लागला असं समजून चष्मेवाल्यानं घाबरून त्याला विचारलं की आज वार कोणता. मिस्त्री म्हणाला, वार राहू द्या, ही पायरी सहा सूत जास्त आहे.

कारण त्याला तिथंच कळलं होतं. पायऱ्या संपतात तिथली सपाट जागा, लँडिंग, तिची फरशी नवी होती. जुनी फरशी फोडून काढायला दोन माणसांना दोन दिवस लागले असते. ते वाचवायला कोणीतरी जुन्यावरच नवी फरशी चिकटवली होती. लँडिंग पाऊण इंच वर आलं आणि शेवटची पायरी तेवढ्यानं उंच झाली. नऊ पायऱ्या साडेसहा इंच, दहावी सव्वासात. डोळ्याला दिसत नाही. पायाला मात्र दगा होतो.

मनगट जुळलं, पण वळेना. डॉक्टरांनी सांगितलं, घास तोंडाशी जाईल, सही जमेल, पटाशी धरता येणार नाही. गुडघा टेकून बसणं तर विसराच. म्हणजे काम बंद. हे मिस्त्रीनं ऐकून घेतलं. एकोणसाठ वर्षं झाली होती, आज ना उद्या हात थकणारच होता.

त्याला लागलं ते नंतर. इमारत एका कंपनीच्या मालकीची होती. मिस्त्रीच्या मेहुण्यानं कुठूनतरी एक वकीलबाई शोधून काढली, तिनं कंपनीला नोटीस पाठवली आणि पंधरा दिवसांत उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की जिना सुस्थितीत आहे, रोज शेकडो लोक चढतात, अर्जदार स्वतः जिन्यांचा जुना कारागीर असून त्यानं पायाखाली पाहिलं नाही, सबब दोष सर्वस्वी त्याचा.

मिस्त्रीनं तो कागद तीनदा वाचला. मग घडी करून खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढून वाचला. सुस्थितीत हा शब्द त्याच्या घशाखाली उतरेना. गल्लीत आधीच थट्टा चालली होती. मेहुणा तर तोंडावर म्हणे, "भावोजी, हलवाई साखरेत बुडाला म्हणतात तसं झालं तुमचं." तेवढं चालून गेलं असतं. पण आता कंपनीनं छापील कागदावर लिहून दिलं होतं की पाय चुकला. मिस्त्रीचं म्हणणं होतं की पायरी चुकली. कोणीतरी अधिकाराच्या माणसानं यावं, टेप लावावा आणि काय ते कागदावर लिहावं. त्याला एवढंच हवं होतं. भरपाई कोणाला नको असते, पण ती त्याच्या लेखी दुसऱ्या नंबरावर होती.

वकीलबाईची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होती. एक टेबल, तीन खुर्च्या, एक लोखंडी कपाट. बाई तिशीची, बोलायला भराभर, पण समोरचा गप्प बसला तर थांबणारी. तिनं सांगितलं, दावा लावायचा तर आधी ठरवावं लागतं की कुठल्या कोर्टात. एक कोर्ट इथं गावात आहे, लहान. दुसरं मोठ्या शहरात, वरचं, बसनं तीन तास. लहान कोर्टाला भरपाईची मर्यादा असते, त्यावरचा दावा ते घेत नाही. म्हणून पहिल्या पानावर दाव्याची किंमत लिहावी लागते. त्या आकड्यावर कोर्ट ठरतं.

"किंमत कशी काढायची?" मिस्त्रीनं विचारलं.

"तुमचं किती काम बुडालं आणि पुढे किती बुडणार, त्यावरून. सत्तरीपर्यंत धरू. वर्षाला किती जिने करत होतात?"

"सहा."

"मग अकरा वर्षांचे सहासष्ट."

मिस्त्रीनं मान हलवली. ती हो म्हणण्याची नव्हती. तो म्हणाला, सत्तरीपर्यंत कोण जिने करतो? पासष्टीला गुडघे बोलायला लागतात, पडलो नसतो तरी बोलले असते. मग सहा वर्षं राहिली. वर्षाला सहा जिने होतात ते चांगल्या वर्षी. एखादं गिऱ्हाईक मागे फिरतं, कधी लाकूड वेळेवर येत नाही, कधी आपण आजारी पडतो. पाच धरा. सहा पाचे तीस.

वकीलबाईनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मिस्त्री, लोक माझ्यापाशी येतात ते फुगवून सांगतात आणि मी कमी करते. तुम्ही उलटं करताय."

पण यात मिस्त्रीचा काही मोठेपणा नव्हता. खोड होती. सुताराला दोन मापं ठाऊक असतात. लाकूड विकत घेताना तूट धरून जास्त मोजायचं आणि झालेलं काम गिऱ्हाइकाला दाखवताना निव्वळ मोजायचं, भोकं-खाचा वजा करून. मिस्त्री आयुष्यभर दुसरं माप घट्ट धरून चालला होता. आता स्वतःचा हात मोजायची वेळ आली, तर त्यातूनही तो खाचा वजा करत होता. असली चूक वकिलानं केली नसती, दुकानदारानं केली नसती. सुतारच करू जाणे.

तीस तर तीस, बाई म्हणाली. एका जिन्याची मजुरी धरून तिनं गुणाकार केला, आणि तरी तो आकडा लहान कोर्टाच्या मर्यादेबाहेर गेला. त्या मर्यादेत जेमतेम अठरा जिने बसत होते.

"बरंच झालं," ती म्हणाली. "वरच्या कोर्टात लावू. तिथं तिसाचे तीस मिळू शकतात. तज्ज्ञ येतील, सगळं सविस्तर होईल."

"किती दिवस लागतील?"

"वर्षं विचारा. पाच धरा."

मिस्त्री घरी आला. पाच वर्षं म्हणजे चौसष्ट. बसून काढता येतील, नाहीतरी बसूनच काढायची आहेत. वरचं कोर्ट म्हणजे मोठं कोर्ट, मोठं कोर्ट म्हणजे नीट मोजणी. त्याला ते पटलं होतं.

पण माणसाचा पाय जिथं ठेचकाळतो तिथं मन पुन्हा पुन्हा जातं. आठवड्यानं मिस्त्री काठी टेकत त्या इमारतीपाशी गेला. वर चढला नाही. खालच्या भिंतीवर एक कागद चिकटवला होता. जिन्याचं आणि लँडिंगचं नूतनीकरण पुढच्या महिन्याअखेर सुरू होईल, गैरसोयीबद्दल क्षमस्व. मिस्त्रीनं दोनदा वाचलं. पलीकडच्या पानपट्टीवाल्याला विचारलं, कागद कधी लागला. तो म्हणाला, कंपनीला तुमची ती नोटीस आली ना, त्याच आठवड्यात.

मिस्त्री तसाच सायकलच्या दुकानावरच्या खोलीत गेला. जिना चढायला वेळ लागला. या जिन्याच्या चौदा पायऱ्या होत्या, वाकड्या होत्या, पण सारख्या.

त्यानं वकीलबाईला विचारलं, पाच वर्षांनी वरच्या कोर्टाचा माणूस येऊन काय मोजणार? नवा जिना?

तिनं बाजू समजावली. फोटो आहेत. मिस्त्री म्हणाला, फोटोत सहा सूत दिसत नाहीत. तिनं सांगितलं, तुम्ही स्वतः मोजून ठेवा. तो म्हणाला, माझा टेप माझ्याच बाजूनं बोलणार, असं ते म्हणतील, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. मग ती म्हणाली, वरच्या कोर्टातही तातडीच्या पाहणीचा अर्ज करता येतो. तो सुनावणीला यायला किती दिवस लागतात, असं त्यानं विचारलं. सात-आठ महिने, ती म्हणाली.

"आणि इथं?"

"इथं दावा लावल्यावर तीन आठवड्यांत पहिली तारीख पडते. पण मिस्त्री, इथं लावायचा तर अठरात बसवावा लागेल. बाकीचे बारा सोडून दिले असं लिहून द्यावं लागेल. एकदा सोडले की सोडले. उद्या वर जाऊन म्हणालात, ते बारा द्या, तर कोणी दारात उभं करणार नाही."

"लिहून देतो," मिस्त्री म्हणाला.

बाईनं कागद काढला नाही. "घरी विचारा," म्हणाली. "नंतर मला शिव्या नकोत."

घरी मेहुणा बसलेलाच होता. ऐकून तो खुर्चीतून अर्धा उठला. वकिलानं सांगितलेलं सोडून आपलं डोकं चालवायचं म्हणजे हात मोडला तो मोडला, आता पायावर धोंडाही पाडून घ्यायचा, असं त्याचं म्हणणं पडलं. बारा जिने म्हणजे दोन वर्षांहून जास्त कमाई. ती का, तर एका पायरीची उंची कळावी म्हणून? उंची तर तुम्हाला माहीतच आहे. मिस्त्री म्हणाला, मला माहीत असून काय उपयोग, मी पडलेला माणूस. मेहुण्यानं बहिणीकडे, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोकडे, पाहिलं. तिनं आपल्या भावाला चहा दिला आणि सांगितलं, दादा, तू आता जा, बस चुकेल तुझी. बस चुकणार नव्हती.

तो गेल्यावर ती मिस्त्रीसमोर बसली. ती शिवणकाम करायची, मोजून बोलायची.

"अहो, हे तीस जिने म्हणता ना, ते तुमचे. माझं त्यात काय मांडलंय?"

मिस्त्रीला कळेना. ती म्हणाली, पाच महिने झाले, तुमच्या शर्टाची बटणं मी लावते. अंघोळीचं पाणी मी उचलते, बुटाचे बंद मी बांधते. रात्री कुशीवर वळायचं तर हाताखाली उशी मी सरकवते. त्यापायी माझं मशीन दिवसातून तीन तास बंद असतं. "मी तक्रार करत नाहीये," ती म्हणाली. "पण तुम्ही एवढे मापाचे पक्के, सूत सूत धरणारे, आणि हे काम तुमच्या मापात आलंच नाही."

 जिन्यात एक लाकूड असतं, पायऱ्यांच्या खालून जातं, वरून कोणाला दिसत नाही, पण पायऱ्यांचा सगळा भार त्याच्यावर असतो. गिऱ्हाईक त्याचे पैसे द्यायला नेहमी कुरकुर करतं, आणि मिस्त्री चाळीस वर्षं गिऱ्हाइकांशी त्यावरून भांडत आला होता. घरात मात्र तोच गिऱ्हाईक झाला होता. हे त्यानं तिला बोलून दाखवलं नाही. एवढंच विचारलं, दिवसाचे तीन तास कधीपर्यंत धरायचे? डॉक्टर म्हणतात अजून सहा महिने, ती म्हणाली, पण बटणं तर कायमचीच. दोघांनी बसून हिशोब केला. ती कमी सांगत होती आणि तो वाढवत होता. या घरात असं पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी तिचं काम दोन जिन्यांएवढं भरलं.

"मग वीस होतील," ती म्हणाली. "लहान कोर्टात अठराच बसतात ना?"

"माझे सोळा करतो."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे चौदा सोडणार."

"हो."

"आणि पायरी मोजली जाईल?"

"तेही नक्की नाही. पण मोजायला शिल्लक तर असेल."

ती उठली, मशीनवरचं कापड नीट केलं. "बघा बाई," म्हणाली. "चौदा जिन्यांना तुमचा किती घाम लागतो ते पाहिलंय मी. सोडायचे तर तुम्हीच सोडा, मी सोडा म्हणणार नाही आणि धराही म्हणणार नाही."

मिस्त्रीनं डाव्या हातानं सही केली. ती वाकडी आली. उजव्या हातानं जमली असती, पण उजवा त्या दिवशी दुखत होता.

गावातलं कोर्ट म्हणजे एक लांबट दालन. भिंतीला टेकून बाकं, न्यायाधीशांच्या टेबलाखाली फाइलींचे गठ्ठे, एका कोपऱ्यात टंकलेखन करणारा कारकून. न्यायाधीश साठीला आलेले, चष्मा कपाळावर चढवून बसणारे. वकीलबाईनं मिस्त्रीला बजावलं होतं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि विचारलं तरी थोडक्यात.

कंपनीचा वकील मोठ्या शहरातून आला होता. बोलणं गोड, आवाज हळू. त्यानं उभं राहून सांगितलं की हा दावा या कोर्टात चालूच नये. का, तर अर्जदाराचं नुकसान फार मोठं आहे. चाळीस वर्षांचा कसबी माणूस, त्याचा उजवा हात गेला, गुडघा गेला, पुढची कमाई बुडाली. असा माणूस सोळा जिन्यांवर समाधान मानतो हे खरं वाटत नाही. किंमत मुद्दाम कमी दाखवली आहे. शिवाय यात तज्ज्ञांची साक्ष लागेल, बांधकामाचे बारकावे आहेत. न्याय व्हायचा तर हे प्रकरण वरच्या कोर्टातच गेलं पाहिजे.

मिस्त्री बाकावर बसून ऐकत होता. आपलं दुःख इतक्या चांगल्या शब्दांत अजून कोणी मांडलं नव्हतं, वकीलबाईनंही नाही. शेजारी बसलेली बायको हळूच म्हणाली, "हा आपल्या बाजूचा आहे का?"

न्यायाधीशांनी चष्मा खाली घेतला. "म्हणजे अर्जदाराचं नुकसान फार मोठं आहे, हे तुमच्या कंपनीला मान्य आहे?"

वकील जरा अडखळला. मान्य असं नाही, म्हणाला, अर्जदाराचंच म्हणणं धरलं तर. "टिपून घ्या," न्यायाधीश कारकुनाला म्हणाले, आणि काय टिपून घ्यायचं ते कारकुनाला कळलं. मशीन खडखडलं.

मग वकीलबाई उभी राहिली. कायद्यानं माणूस आपल्या हक्काचा काही भाग सोडू शकतो, तसं लेखी दिलं आहे, सोडल्यावर उरलेली किंमत या कोर्टाच्या मर्यादेत बसते, असं तिनं सांगितलं. कुठल्याशा जुन्या निकालाचा दाखला दिला. न्यायाधीशांनी तो वाचून बाजूला ठेवला आणि मिस्त्रीकडे पाहून विचारलं, "तुम्ही सांगा. तीस होतात असं तुम्हीच लिहिलंय. वरच्या कोर्टात तीस मागता येतात. मग इथं कशाला आलात? कोणी भीती घातली? प्रवास झेपत नाही?"

मिस्त्री काठीवर भार देऊन उभा राहिला. "झेपेल साहेब. वरच्या कोर्टात माझा हात नीट मोजतील. पण तोवर पायरी मोजायला उरणार नाही. या महिन्याअखेर ती फोडतायत. हात काय, माझ्यापाशीच आहे, केव्हाही मोजा."

 न्यायाधीशांनी कंपनीच्या वकिलाला विचारलं, जिना फोडायचं खरं आहे का. तो म्हणाला, नूतनीकरण आहे, आधीच ठरलेलं. कधी ठरलं याचा कागद आहे का? तो मागवून घ्यावा लागेल, असं उत्तर आलं. न्यायाधीश बराच वेळ लिहीत राहिले. मग त्यांनी वाचून दाखवलं. अर्जदारानं समजून-उमजून हक्काचा भाग सोडला आहे. किंमत मर्यादेत आहे. प्रश्न एका पायरीच्या उंचीचा आहे, त्याला तज्ज्ञांची फौज लागत नाही, टेप लागतो. दावा याच कोर्टात चालेल. कोर्टानं नेमलेल्या इंजिनीअरनं आठ दिवसांत जिन्याची पाहणी करावी, तोवर कोणी त्याला हात लावू नये.

बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाली, थोडक्यात बोला म्हटलं होतं, इतकंही थोडक्यात नको होतं, पण जमलं.

पाहणीच्या दिवशी सकाळी दहाला सगळे इमारतीत जमले. इंजिनीअर म्हणून एक बाई आल्या, पन्नाशीच्या, पायात सपाट बूट, खांद्याला पिशवी. सोबत वही धरायला एक माणूस. दोन्ही बाजूंना त्यांनी आधीच सांगितलं की मोजणी चालू असताना कोणी तोंड उघडायचं नाही. मिस्त्री खाली, पहिल्या पायरीपाशी उभा राहिला. बायको त्याच्या डाव्या बाजूला.

इंजिनीअरबाईंनी पिशवीतून टेप काढला आणि सरळ पहिल्या पायरीच्या कडेला लावला. मिस्त्री काठी टेकत एक पाऊल पुढे सरकला. कड झिजलेली होती. पायरीची कड हजार पायांनी घासलेली असते, तिथून माप घेतलं तर प्रत्येक पायरी वेगळी निघते. नऊ पायऱ्या नऊ तऱ्हेच्या लिहिल्या गेल्या, तर दहावीचं कोण मनावर घेणार? त्यानं तोंड उघडलं. बायकोनं त्याच्या कोपराला धरलं. त्यानं मिटलं.

बाई पायरीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कडेवरून बोट फिरवलं, टेप गुंडाळला आणि पिशवीतून हातभर लांबीची पट्टी आणि पाणसळ काढली. पट्टी पायरीवर आतल्या, न झिजलेल्या भागात आडवी ठेवली, बुडबुडा मधोमध येईपर्यंत थांबल्या, मग पट्टीच्या खालून माप घेतलं. एकदा डावीकडे, एकदा मधे, एकदा उजवीकडे. एका पायरीची तीन मापं. वहीवाल्यानं लिहिली. पुढची पायरी. कंपनीचा वकील घड्याळाकडे बघू लागला. दहावी तेवढी मोजली तर चालेल असं त्यानं सुचवलं. बाई मागे न वळता म्हणाल्या, "पहिल्या नऊ मोजल्याशिवाय दहावी चुकीची कशी ठरणार?"

मिस्त्रीला त्या बाईंच्या हाताखाली काम करावंसं वाटलं.

तासाभरानं दहावी आली. तीन मापं. सव्वासात, सव्वासात, सव्वासात आणि सूतभर. ते सूतभर मिस्त्रीच्या मोजणीतून सुटलं होतं. फरशी उजवीकडे किंचित फुगली होती. दोन्ही वकिलांनी वहीवर सही केली. बायकोनं विचारलं, झालं का. मिस्त्री म्हणाला, झालं. मग रस्ता ओलांडताना तिनं चुकून त्याच्या हाताऐवजी काठीच धरली आणि दोघं थांबले.

निकाल अकरा महिन्यांनी लागला. नवा जिना तोवर होऊन गेला होता. दहावी पायरी बाकीच्यांपेक्षा पाऊण इंच उंच होती, ती चूक फरशीचं काम करून घेणाऱ्या कंपनीची, असं न्यायाधीशांनी लिहिलं. घरातल्या शुश्रूषेचे श्रम वेगळे धरून मंजूर केले. पण त्याखाली आणखी एक परिच्छेद होता. अर्जदार दोन्ही हातांत सामान धरून, कठड्याला हात न लावता जिना चढला. कठडा धरला असता तर इजा इतकी झाली नसती. म्हणून चार आण्यांची चूक अर्जदाराची, बारा आण्यांची कंपनीची. भरपाई त्या प्रमाणात.

वकीलबाईनं घरी येऊन वाचून दाखवलं. मेहुणा होताच. पाव हिस्सा कापला म्हटल्यावर तो पेटला. वर अपील होतं ना, त्यानं विचारलं. बाई म्हणाली, होतं, त्या पावापुरतं करता येईल, वरचं कोर्ट कदाचित तो काढूनही टाकेल, निकालात जागा आहे. पायरीचं माप आता कागदावर आहे, ते कोणी खोडू शकत नाही. वेळ लागेल तेवढाच.

"मग जा ना वर," मेहुणा म्हणाला. "भावोजी, आता तर घाई नाही. चौदा आधीच सोडलेत, वर आणखी चार का सोडता?"

मिस्त्रीनं बाईकडून कागद घेतला. पायरीचा परिच्छेद वाचला, मग त्याखालचा. दोन्ही सावकाश वाचले.

"हाताखाली जेवढी माणसं आली," तो म्हणाला, "त्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच सांगितलं. जिन्यावर एक हात मोकळा ठेवा. न ठेवणाऱ्याला अर्धा दिवस घरी पाठवलं." त्यानं कागद बायकोच्या हातात दिला. "पाव माझाच आहे. तो दुसऱ्याच्या नावावर करायला वर कशाला जाऊ?"

मेहुण्यानं बहिणीकडे पाहिलं. ती कागदातली आपल्या कामाची ओळ शोधत होती.

"अपील नको, वकीलबाई," मिस्त्री म्हणाला. "पण त्या इंजिनीअरबाईंच्या मोजणीची नक्कल मिळाली तर बघा. तीसही मापं हवीत, नुसती दहावीची नको."